करडीच्या तेलाचे पाच थेंब

मित्रांनो, मी एक जुनी रायफल आहे. नाव ऐकून मागे सरकू नका. माझ्या पोटात आता काडतूस नाही, आणि उभ्या आयुष्यात माझ्या नावावर एकच बळी आहे, तोही एका रांजणाचा. पण त्या रांजणापायी एका भल्या माणसाचा परवाना आणि अब्रू दोन्ही जायची वेळ आली होती. खरे कारण मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. आम्हा बंदुकांना आवाज मोठा मिळाला आहे, पण बोलता येत नाही. म्हणून तेव्हा जे पोटात राहिले ते आज तुम्हाला सांगते.

माझा जन्म दूर पूर्वेकडच्या एका सरकारी कारखान्यात झाला. पोलादाची नळी, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता आणि बोटाने ओढायचा एक जाड, आडमुठा चाप. तिथून मी हैदराबादच्या एका बंदूकवाल्याच्या काचेच्या कपाटात आले, आणि १९६२ साली परभणीजवळच्या झरी गावचे चंद्रभानराव मला घेऊन गेले. गाडीत त्यांनी परवान्याची वही छातीशी धरली होती आणि मला घोंगडीत गुंडाळून बाकाखाली सारले होते. मान कोणाचा होता ते तुम्हीच ठरवा.

माझे काम पिकाच्या राखणीचे. हरभरा घाट्यावर आला की रानडुकरांचे कळप शिवारात उतरत. मग मालकांनी बांधावर उभे राहायचे, नळी आभाळाकडे करायची आणि एक बार काढायचा. डुकरे पळत, कावळे उडत, आणि फुकटात राखण झाली म्हणून शेजारचे शेतकरी खूश होत. चंद्रभानरावांच्या मागे त्यांचे चिरंजीव व्यंकटराव मला वापरू लागले. त्यांचाही बार नेहमी आभाळातच.

वर्षातला एक दिवस मात्र माझा असे. खंडेनवमीला विळे, कुऱ्हाडी, नांगराचा फाळ असे सगळे घासूनपुसून मांडत, आणि मधोमध पाटावर मी. व्यंकटराव झेंडूची फुले वाहून पूजा करत. पण त्याआधी घरात एक लहानशी पूजा होऊन गेलेली असे, ती कोणालाच माहीत नव्हती. व्यंकटरावांच्या पत्नी कस्तुराबाई सकाळी सगळ्यांच्या आधी एकट्याच माझ्यापाशी येत. घाण्यावरून आणलेल्या करडीच्या तेलाचे पाच थेंब त्या वातीने माझ्या चापाच्या फटीत सोडत आणि वर चिमूटभर हळदकुंकू घालत. कस्तुराबाई चापाला बंदुकीची जीभ म्हणत. हत्याराच्या जिभेवर तेल ठेवले की ते घरच्या माणसावर उलटत नाही, असे त्यांच्या सासूबाई सांगून गेल्या होत्या. ही रीत बायकांची, ती पुरुषांना सांगायची नाही, हेही त्यांनीच सांगितले होते.

मला त्याचे फार कौतुक वाटे. माझा जुना चाप दांडगा होता, त्याची स्प्रिंगही दांडगी. तेल, हळद, कुंकू, जे येईल ते तो मुकाट्याने पचवत असे. तीस वर्षे त्याने पचवले.

त्यातच मधे १९७८ साल आले. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा, नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. आमच्या पोलीस ठाण्याचा निरोप आला, की परवान्याची हत्यारे आणून जमा करा. माझ्या गळ्यात नंबराची चिठ्ठी बांधून मला मालखान्यात टाकले. छत गळके होते. बाहेर शिपाई जळालेल्या घरांच्या गोष्टी हळू आवाजात सांगत आणि आत माझ्यावर थेंब थेंब पाणी पडे. मी कोणा माणसावर रोखली गेले नाही, एवढ्या समाधानावर मी ते महिने काढले. परत आले तेव्हा माझा चाप आतून गंजला होता. तो मोडला नाही, पण पूर्वीपेक्षाही जड झाला.

जड चाप ओढता ओढता व्यंकटराव पन्नाशी ओलांडून गेले आणि त्यांच्या बोटांचे सांधे धरू लागले. शेवटी १९९३ च्या उन्हाळ्यात त्यांनी हैदराबादहून एक नवा, तयार चाप आणला. बाहेरच्या बनावटीचा, चांदीसारखा चकचकीत आणि इतका हलका, की नुसते बोट टेकले तरी काम व्हावे. तो बसवायला त्यांनी मला परभणीत आश्रुबांच्या दुकानात नेले.

आश्रुबांची ओळख करून देते. फौजेत हत्यारे दुरुस्त करण्यात त्यांची वीस वर्षे गेली होती. निवृत्त होऊन त्यांनी स्टेशनच्या रस्त्याला बंदूक दुरुस्तीचे छोटे दुकान काढले. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि तिच्याखाली चौकटीत बसवलेला दुकानाचा परवाना. अठ्ठ्याहत्तरमध्ये ते सीमेवर असताना गावाकडे त्यांच्या भावाचे घर जाळले गेले होते. त्याबद्दल ते गिऱ्हाइकांशी कधी बोलत नसत. सगळे त्यांना हवालदार म्हणत.

"चाप चांगला हाय," नवा चाप हातात फिरवत ते व्यंकटरावांना म्हणाले, "पर लय नाजूक हाय. घड्याळासारखा. शेतावरच्या बंदुकीला जुनाच घासून देऊ का?"

"बोटं साथ देईनात, हवालदार. हाच बसवा."

आश्रुबांनी तीन दिवस घेतले. घासले, बसवले, काढले, पुन्हा बसवले. धक्क्याने सुटते का ते बघायला मला सतरंजीवर उभी आपटून पाहिले. मग बंदुकीच्या खास तेलाची एक लहान बाटली सोबत दिली आणि महिन्याला एकच थेंब द्या म्हणून बजावले. व्यंकटरावांनी ते अक्षरशः पाळले. माझी मान त्या उन्हाळ्यात फार ताठ झाली होती, खोटे कशाला सांगू?

पुढे खंडेनवमी आली. पहाटे कस्तुराबाई तेलाची वाटी घेऊन माझ्यापाशी बसल्या. "जीभ किती नाजूक झाली गं बाई तुझी," असे म्हणून त्यांनी मोठ्या मायेने पाच थेंब सोडले आणि वर हळदकुंकू घातले. मी आतून ओरडत होते, की बाई, हा तो जुना दांडगट नव्हे. पण ऐकणार कोण? पूजा झाल्यावर व्यंकटरावांनी रिवाजाप्रमाणे रिकामा चाप ओढून मला खुंटीला टांगले. दोन महिने मी तिथेच होते. करडीचे तेल हवेवर राहिले की चिकट होते आणि मग हळूहळू डिंकासारखे आळते. कुंकू आणि हळद त्यात कालवली गेली होतीच. माझ्या आत एक आकडा आहे. काडतूस आत ढकलणारा दांडा, म्हणजे बोल्ट, पुढे सारला की काडतुसावर आपटणारी पिन या आकड्याने अडवून धरायची आणि चाप ओढल्यावरच सोडायची, एवढेच त्याचे काम. पण चाप ओढलेल्या जागीच चिकटून बसला होता. आकड्याला आपल्या जागी येताच येईना.

डिसेंबरातली गोष्ट. दिवस उगवायच्या सुमारास हरभऱ्यात डुकरे शिरली म्हणून व्यंकटराव मला घेऊन शेतावर गेले. त्यांचा सालगडी लिंबाजी खोपीपुढच्या रांजणातून पाणी घ्यायला वाकला होता. व्यंकटरावांनी काडतूस भरले आणि बोल्ट पुढे सारला. नळी अजून आभाळाकडे वळायची होती. त्यांचे बोट चापापाशी गेलेही नव्हते, आणि मी कडाडले.

रांजण फुटला. लिंबाजी पाण्यात बसला. गोळी त्याच्या हातापासून वीतभर अंतरावरून गेली होती. मग लिंबाजीने आपल्या अंगावरून हात फिरवून पाहिला आणि विचारले, "मालक, मी हाय ना?"

"हायेस," व्यंकटराव म्हणाले आणि मला खाली ठेवून मटकन बांधावर बसले. "देवाशपथ, बोट लागलं न्हाई माझं."

त्या दिवशी मला माझीच किळस आली. तीस वर्षांत मी कोणाला दुखवले नव्हते, आणि एका सकाळी मी गरीब माणसाचा जीव घ्यायला निघाले होते.

घरी ही गोष्ट कळली तेव्हा कस्तुराबाई आत जाऊन रडल्या. मग भीतीपोटी त्यांनी काय केले असेल? तेलाची वाटी आणली आणि माझ्या जिभेवर आणखी सात थेंब सोडले.

संध्याकाळी व्यंकटरावांचे चुलतभाऊ भुजंगराव ओसरीवर आले. माणूस बोलण्यात पटाईत. "चाप बसविला कुणी?" त्यांनी विचारले. "मग इचार कसला करायलाव? आता पुन्हा नामांतराचं निघालंय. वारं कसं हाय ते दिसत न्हाई का तुमाला?"

"माणूस तसा वाटत न्हाई," व्यंकटराव म्हणाले.

"आन् लिंबाजी गेला असता म्हंजे?"

भुजंगरावांनी कलेक्टर साहेबांच्या नावाने अर्ज लिहिला. आश्रुबाने निष्काळजीपणे किंवा जाणूनबुजून सदोष चाप बसवला, सबब त्याचा परवाना रद्द व्हावा. व्यंकटरावांनी सही केली, पण अर्ज लगेच द्यायचा नाही, आधी हवालदाराला विचारायचे, असा हट्ट धरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघे मला घेऊन परभणीला आले. आश्रुबांनी अर्ज वाचला, घडी घालून परत दिला आणि व्यंकटरावांना एकच गोष्ट विचारली. "गोळी सुटली तवा बोट कुठं हुतं?"

"बाहेर हुतं."

"मग दोष आतच हाय. तुमचं खरं हाय."

एवढ्या लवकर कबुली मिळेल असे भुजंगरावांना वाटले नव्हते. त्यांचा चेहरा थोडा पडलाच. मग आश्रुबांनी मला उन्हाच्या पट्ट्यात मेजावर घेतले, रिकामे काडतूस घातले आणि बोल्ट मागेपुढे करू लागले. वीस वेळा केला. वीसही वेळा मी शहाण्यासारखी वागले. दुपारचे ऊन, त्यात वरून पडलेले सात थेंब ताजे तेल, आतला चिकटा मऊ पडला होता. मला रडू कोसळत होते, कारण जिथे बिघडायला हवे होते तिथे मी बिघडत नव्हते.

"बघा, आता कशी शानी झाली," भुजंगराव म्हणाले.

आश्रुबांनी तिकडे लक्ष दिले नाही. "सुटली तवा टाइम काय हुता?"

"दिवस उगवायचा," व्यंकटराव म्हणाले. "दातावर दात वाजायलते."

"मग ठेवून जा. पावती देतो. सोमवारी मी स्वतः झरीला आणतो."

त्यांनी मला रात्रभर उघड्या खिडकीपाशी ठेवले. पहाटे नळी बर्फासारखी गार पडली होती. आश्रुबा मफलर गुंडाळून आले आणि रिकाम्या काडतुसावर पुन्हा तेच सुरू केले. चौथ्या वेळी बोल्ट पुढे सारताच, बोट न लावता, आत टक् करून पिन पडली. आश्रुबा चक्क हसले. आपल्या कामाचा दोष सापडल्यावर हसणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

त्यांनी चाप उघडला आणि पांढऱ्या फडक्याने आतून पुसला. फडक्यावर तांबूस पिवळा चिकट डाग उतरला. तेवढ्यात त्यांच्या पत्नी सत्यशीलाबाई चहा घेऊन आल्या. त्या शाळेत शिक्षिका होत्या, पण त्या दिवशी त्यांची शाळा नव्हे, तर त्यांचा स्वयंपाक कामाला आला. त्यांनी नखाने तो थर खरवडला आणि हुंगला.

"हे करडीचं तेल हाय. कढई नीट घासली न्हाई की काठाला बसतो, तोच थर हा."

"आन् हे लाल?"

सत्यशीलाबाईंनी फडके उजेडात धरले. "कुंकू," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "मग झालं की. तुमचा दोष न्हाई. चार माणसांत सांगून टाका."

"सांगितलं तर गोष्ट बंदुकीची राहणार न्हाई," आश्रुबा म्हणाले. "आमच्या पूजेला नावं ठेवायलाय म्हणतील. ह्या दिवसांत. आन् ज्या बाईनं हे केलं, तिला कळंल की आपल्या हातानं माणूस जाणार हुता. माझीबी चूक हायच. खेड्यात वाढलो, खंडेनवमी मला ठाव न्हाई का? चाप देताना इचारायला पाहिजे हुतं."

"मग चुकीचा आपला वाटा घ्या. सगळी चूक कशाला घेता? परवाना गेला तर खायाचं काय?"

आश्रुबांनी एकदा भिंतीवरच्या चौकटीकडे पाहिले आणि चाप रॉकेलने धुवायला घेतला. ते फडके फेकणार होते. सत्यशीलाबाईंनी ते घेतले, घडी घातली आणि आश्रुबांच्या पिशवीत तळाशी ठेवले. "हे असू द्या," एवढेच त्या म्हणाल्या.

सोमवारी सकाळच्या एसटीने आम्ही झरीला गेलो. ओसरीवर व्यंकटराव, भुजंगराव आणि गावातली दोनतीन माणसे बसली होती. लिंबाजी खांबाला टेकून उभा होता. आश्रुबांना चहा आला, तो बाहेरच्या कोनाड्यात वेगळ्या ठेवलेल्या, कान तुटलेल्या कपातून. त्यांनी तो शांतपणे प्यायला. मी त्या कोनाड्यातला कप तीस वर्षे बघत होते आणि मला त्याचे कधी काही वाटले नव्हते. त्या दिवशी वाटले.

"दोष सापडला," आश्रुबा म्हणाले. "चापात चिकटा बसला हुता. साफ केला. पहाटेच्या थंडीत शंभर वेळा तपासून आणलीय. मजुरी नको."

"चिकटा आला कुठून?" भुजंगरावांनी विचारले.

आश्रुबांनी रिकामा कप पायरीवर ठेवला.

"बसवतानाच राहिला हुता का, हवालदार?" व्यंकटरावांनी विचारले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना ‘नाही’ असे उत्तर हवे होते, हे मला कळत होते.

"बसविला मी, तर जबाबदारी माझी," आश्रुबा म्हणाले.

"ऐकलं ना सगळ्यांनी?" भुजंगरावांनी खिशातून अर्ज काढला. "आजच्या आज देतो."

आश्रुबा मान खाली घालून पिशवीतून तेलाची बाटली काढू लागले. बाटलीबरोबर घडीचे फडके वर आले आणि ओसरीच्या पायरीवर पडून उलगडले. कस्तुराबाई रिकामे कप न्यायला दारात आल्या होत्या. कुंकू पायदळी येऊ नये, म्हणून सवयीने त्या पटकन वाकल्या आणि फडके उचलले. मग तिथेच थांबल्या. त्यांनी तो डाग बोटाने चाचपला. फडके नाकापाशी नेले.

मित्रांनो, त्या क्षणी त्यांना सगळे समजले, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर वाचले. फडके पदराखाली घेऊन त्या आत जाऊ शकत होत्या. कोणाला काही कळले नसते. अर्ज गेला असता, परवाना गेला असता आणि त्यांच्या सासूबाईंची रीत जशीच्या तशी राहिली असती. बाहेरच्या माणसांपुढे त्या ओसरीवर कधी बोलल्याही नव्हत्या. मी जीव मुठीत धरून बघत होते.

"हे माझं हाय," कस्तुराबाई म्हणाल्या.

"काय तुझं?" व्यंकटरावांना काही समजेना.

"हे कुंकू, आन् हे तेल. दरसाल खंडेनवमीला मी बंदुकीच्या जिभेवर पाच थेंब सोडते. सासूबाईंनी सांगितलं हुतं. आन् गोळी सुटल्यावर भेवून आनखी सात सोडले."

"वहिनी, तुमी आत जा," भुजंगराव म्हणाले. "बायकांच्या रीतीचा आन् बंदुकीचा काय संबंध?"

"संबंध फडक्यावर हाय. हुंगा."

त्यांनी फडके पुढे केले. भुजंगरावांना ते हुंगावेच लागले. हुंगल्यावर ते काही बोलले नाहीत, आणि त्यांच्यासारखा माणूस बोलत नाही म्हणजे पुरावा पटला असे समजावे.

कस्तुराबाई लिंबाजीकडे वळल्या. "लिंबाजी, तू माझ्या हातानं जाणार हुतास रे."

"गेलो न्हाई ना, बाई," लिंबाजी म्हणाला. "रांजण गेला. उन्हाळ्यात नवा घिऊ."

मग त्यांनी आश्रुबांना विचारले, "दादा, तुमाला ठाव हुतं?"

"व्हय."

"मग बोलले का न्हाई?"

"मी बोललो असतो तर भांडण झालं असतं," आश्रुबा म्हणाले. "तुमी बोलल्या तर ती नुसती चूक राहिली."

व्यंकटरावांनी भुजंगरावांच्या हातातून अर्ज घेतला आणि फाडला. "सही माझी हुती, हवालदार. माफी करा," असे ते सगळ्यांसमोर म्हणाले. कस्तुराबाई पुन्हा चहा घेऊन आल्या, सगळ्यांना घरातल्या कपांतून. कान तुटलेला तो कप ओसरीच्या पायरीवर तसाच राहिला. तो पुन्हा कोनाड्यात गेला नाही. दोन दिवसांनी मी तो परसात कोंबड्यांच्या पाण्यापाशी पाहिला.

महिन्याभराने ठाण्याचा पुन्हा निरोप आला. जानेवारीत विद्यापीठाला नवे नाव मिळाले, तेव्हा मी मालखान्यात होते. पण या वेळी मला जमा करण्याआधी आश्रुबांनी स्वतः येऊन तेल दिले होते आणि सुक्या कापडात गुंडाळले होते. मला गंज चढला नाही.

आता मी म्हातारी झाले आहे. व्यंकटरावांची बोटे चालत नाहीत, आणि डुकरांना पळवायला लोक फटाके लावतात. मी कपाटात पडून असते. मित्रांनो, तुमच्या घरात सायकल असेल, शिवणयंत्र असेल, पाण्याची मोटार असेल. त्यांच्यावर माया जरूर करा, पण ती कशाने बनली आहेत आणि त्यांना काय सोसते, ते बनवणाऱ्याला, बसवणाऱ्याला विचारून मग करा. आणि काही बिघडलेच, तर दुसऱ्याच्या नावाने अर्ज लिहिण्याआधी आपल्या घरचे फडके एकदा हुंगून पाहा.

खंडेनवमीला मात्र अजून मला पाटावर मांडतात. गेल्या वर्षी कस्तुराबाईंनी सुनेला शेजारी बसवले. जपून ठेवलेले ते डागाचे फडके तिला दाखवले, आपली चूक पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली, आणि मग कुंकवाचे एक बोट माझ्या दस्त्याच्या लाकडाला लावले.

"आन् जिभेवर तेल न्हाई ठेवायचं?" सुनेने विचारले.

"न्हाई," कस्तुराबाई म्हणाल्या. "तिची जीभ कोरडीच राहू दे. बोलायचं काम आपलं हाय."